सात महिने उरलेला प्रकल्प: बेळगावच्या एका एम.एस्सी. मुलीचं प्रकरण

खानापूर तालुक्यातली एक मुलगी. शाळा मराठी, पीयूसीपासून (अकरावी-बारावी) विज्ञान इंग्रजीतून, बी.एस्सी. बेळगावात, नंतर एम.एस्सी. भौतिकशास्त्र, विशेष विषय मटेरियल सायन्स, गुण ६३ टक्के. वडील शेती करतात आणि गावातल्या सोसायटीचे हिशेब लिहितात. निकाल लागल्यापासून संशोधनाच्या पहिल्या पगारापर्यंत तिची पावणेदोन वर्षं गेली. त्या काळात काय घडलं याची ही नोंद. तिच्या परवानगीने लिहितोय. गाव, कारखाना आणि जिथं मुलाखती झाल्या त्या संस्था यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तिला शिकवणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे बरंचसं जवळून पाहिलं.

आमच्या भागात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला घरून आणि शेजारून एकच प्रश्न येतो: ‘बी.एड.ला नाव घातलीस काय?’ शिक्षकी पेशात वाईट काही नाही, मीही त्यातच आहे. पण हिला प्रयोगशाळेत राहायचं होतं आणि तिथं नोकरी कशी मिळते हे तिच्या ओळखीत कुणालाच धड माहीत नव्हतं.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षा तिने दिली. ६० टक्क्यांची अट ती पार करत होती, वयही खुल्या गटाच्या २६ वर्षांच्या मर्यादेत होतं. मुलाखतीच्या यादीत नाव आलं नाही. प्रशिक्षणानंतर थेट कायम अधिकाऱ्याची जागा मिळते म्हटल्यावर स्पर्धाही तशीच असते. सीएसआयआर-नेटचा, म्हणजे संशोधन फेलोशिप आणि सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा, पहिला प्रयत्नही हुकला. इथं एक गोष्ट मटेरियल सायन्सवाल्यांना उशिरा कळते. या परीक्षेचे विषय पाचच आहेत: रसायन, भू, जीव, गणित आणि भौतिक विज्ञान. मटेरियल सायन्स असा विषयच नाही. म्हणजे दोन सत्रं एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि फेज डायग्राम घोटले तरी पेपर क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्सचाच सोडवायचा. गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेत मात्र सोय आहे: भौतिकशास्त्राचा पीएच पेपर आहे, धातुशास्त्राचा एमटी आहे आणि एक्सई पेपरमध्ये मटेरियल सायन्सचा स्वतंत्र भाग घेता येतो.

पहिली मुलाखत

बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत वॉक-इन मुलाखत होती. रात्रीची रेल्वे पकडून ती गेली. एम.एस्सी.चा प्रकल्प होता कोबाल्ट फेराइट या चुंबकीय ऑक्साइडचे नॅनोकण, सोल-जेल पद्धतीने. समितीने प्रबंध उघडला आणि विचारलं, शेररच्या सूत्राने (एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखातल्या पीकच्या रुंदीवरून) २२ नॅनोमीटर काढलंय, हा कणाचा आकार की क्रिस्टलाइटचा, म्हणजे कणातल्या एकसंध स्फटिकाचा? ती म्हणाली, कणाचा, आणि चुकली. पुढचा प्रश्न: पीकच्या रुंदीतून यंत्रामुळे येणारी रुंदी वजा केली का? केली नव्हती. स्कॅनची स्टेप किती ठेवली होती? माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, कारण तिने एक्स-रे डिफ्रॅक्शनचं ते यंत्र कधी पाहिलंच नव्हतं. भुकटी डबीत घालून बाहेर पाठवली, पैसे भरले, आठवड्याभराने ईमेलवर फाइल आली. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचं असंच झालं होतं आणि आसपासच्या अनेक कॉलेजांत असंच चालतं. समितीतल्यांना ते कळत असणार. पण त्यांना दुसऱ्या दिवसापासून यंत्रावर बसणारा माणूस हवा होता.

यावर उपाय फार लांब नाही. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, दोन्हीकडे अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांची केंद्रं आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशभर उभारायला मदत केलेल्या केंद्रांपैकी ही दोन. बेळगावहून एक दीड तासावर, दुसरं दोन तासांवर. देशाच्या बऱ्याच भागांतल्या विद्यार्थ्याला असं एकही केंद्र एवढ्या जवळ मिळत नाही. नमुना पोस्टाने पाठवण्याऐवजी वेळ मागून स्वतः घेऊन जावं आणि ऑपरेटरशेजारी बसू देता का, असं विनंतीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने आधी पाठवावं. सिलिकॉनचा किंवा लँथॅनम हेक्साबोराइडचा प्रमाण नमुना त्याच सेटिंगवर स्कॅन करून घेतला की यंत्रामुळे येणारी रुंदी काढता येते आणि त्या मुलाखतीतला दुसरा प्रश्न निकालात निघतो. ही मुलगी पुढं धारवाडला गेली आणि तोच जुना नमुना पुन्हा मोजून आली. क्रिस्टलाइट २२ ऐवजी २७ नॅनोमीटरचा निघाला.

दुसरी मुलाखत आणि एक ईमेल

तीनेक महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थेत प्रोजेक्ट असोसिएट-१ म्हणून तिची निवड झाली, तीही बेंगळुरूतच. घरात पेढे वाटायची तयारी सुरू झाली. वडिलांनी मला फोन करून विचारलं, “सर, सरकारी म्हणजे पर्मनंट न्हवं?”

जाहिरातीत ‘निव्वळ तात्पुरती, प्रकल्पाच्या मुदतीपुरती’ असं वाक्य असतं. सगळे ते वाचतात आणि सोडून देतात. प्रकल्प तीन वर्षांचा, म्हणून नोकरीही तीन वर्षांची असं गृहीत धरलं जातं. पण प्रकल्पाची तीन वर्षं मंजुरीच्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही रुजू झाल्यापासून नव्हे. आधीचा मुलगा सोडून गेला असेल तर उरलेल्या दिवसांसाठी नवा माणूस घेतात. मी तिला प्रकल्पप्रमुखांना ईमेल करायला लावलं. तीन प्रश्न: प्रकल्प संपायला किती महिने उरलेत, मुदतवाढ मागितली आहे का, आणि या जागेवरून पीएच.डी.ला नोंदणी होते का. असं विचारणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून ती बिचकत होती. उत्तर त्याच दिवशी आलं आणि सरळ आलं: सात महिने, अजून नाही, आणि नेट किंवा गेट नसेल तर आमच्याकडे नोंदणी होत नाही.

मग पैशाचा हिशेब. २०२० च्या केंद्रीय आदेशात प्रोजेक्ट असोसिएट-१ ला नेट किंवा गेट असल्यास ३१,००० आणि नसल्यास २५,००० रुपये असा दर होता, वर घरभाडं. असे आदेश अधूनमधून बदलतात, म्हणून जाहिरातीत कुठला दर लावलाय ते बघावं. तिच्या जाहिरातीत २५,००० होते. केंद्राच्या घरभाड्याच्या वर्गवारीत बेंगळुरू एक्स, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाचं शहर, तिथं घरभाडं ३० टक्के. म्हणजे हातात ३२,५०० रुपये, सात महिने. त्यातून पीजीचं भाडं, अनामत, जेवण, आणि या काळात नेटचा अभ्यास जवळजवळ बंद. आठव्या महिन्यात पुन्हा बेळगाव.

तिने नकार कळवला. हा निर्णय प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. ज्या प्रयोगशाळेत एक्सपीएस (पृष्ठभागाची रासायनिक तपासणी करणारं यंत्र) किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप स्वतःच्या हाताने चालवायला मिळतो, तिथं सात महिनेही पुष्कळ होतात. पण तिच्या कामाचं वर्णन बरंचसं सामान खरेदीची कागदपत्रं आणि अहवाल लिहिणं असं होतं. गावात मात्र ‘आलेली सरकारी नोकरी सोडली’ ही बातमी पसरली आणि पुढचं वर्षभर तिने ती ऐकून घेतली.

उद्यमबागेतली लॅब

तिचे मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मोल्डिंगवर सुपरवायझर. तिथल्या लॅबमध्ये जागा निघाली होती, महिना १६,०००. मामांनाच ते पसंत नव्हतं. “एमेस्सी होऊन फौंड्रीत काय करूलालीस गे?” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. माझं मत उलटं होतं.

बेळगावात फौंड्र्या गल्लोगल्ली आहेत म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होत नाही. गाड्यांची, पंपांची, हायड्रॉलिक्सची कास्टिंग्ज इथून जातात. हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे भाग बनतात आणि त्यांच्यावरच्या प्रक्रियाही होतात. शहराला लागून हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे आणि ॲल्युमिनावरच्या संशोधनासाठी त्या कंपनीचं केंद्रही बेळगावातच आहे. एवढं सगळं दाराशी असून आमची भौतिकशास्त्राची मुलं या जागांकडे ‘इंजिनिअरिंगवाल्यांचं काम’ म्हणून बघतात. स्पेक्ट्रोमीटर कसा चालतो हे एम.एस्सी.च्या मुलीला डिप्लोमाच्या मुलापेक्षा खोलात कळतं, हे कारखान्याच्या मालकालाही सांगावं लागतं.

लॅबमध्ये काम सकाळी सातपासून. प्रत्येक हीटमधून, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्यातून, वितळलेल्या लोखंडाच्या रसाचं नाण्यासारखं कॉइन सँपल येतं, ते घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायचं, ठिणगीच्या प्रकाशातून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचं प्रमाण येतं. त्यावरून कार्बन इक्विव्हॅलंट काढायचं: कार्बन अधिक सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा भाग. आकडा बसला तर रस ओतायचा, नाही तर भट्टीत काय घालायचं ते सांगायचं. यासाठी हातात काही मिनिटं असतात, आणि चुकलं तर टनभर माल रिजेक्ट. पेपरात नापास होण्यापेक्षा ही शिस्त वेगळी असते.

तिला विषय सापडला तो एसजी आयर्नमध्ये. या लोखंडात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात यावा म्हणून रसात मॅग्नेशियम मिसळतात. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंश सेल्सिअसला उकळतं आणि रस असतो १,४०० च्या वर, त्यामुळे मिसळल्या क्षणापासून ते उडून जायला लागतं. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, रेंगाळलं तर शेवटच्या साच्यांत गोळ्यांऐवजी वेडेवाकडे तुकडे दिसतात आणि कास्टिंगची ताकद जाते. फौंड्रीत हे सगळ्यांना तोंडी माहीत आहे, फेडिंग म्हणतात त्याला. त्यांच्याकडे नेमकं किती मिनिटांनी होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तिने मामांना लॅडलपाशी घड्याळ लावायला लावलं. मामांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच खडूने साच्यांवर वेळ लिहायला लागले. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या साच्यातले तुकडे ती कापून घ्यायची, पॉलिश करायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. ग्राफाइट पाहायला एचिंग, म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग किंचित खाणं, लागत नाही; लोखंडातले पर्लाइट आणि फेराइट (हे फेराइट तिच्या प्रकल्पातल्यापेक्षा वेगळं) पाहायचे तर नायटल हे सौम्य ॲसिड लावावं लागतं. आयएसओ ९४५ च्या तक्त्याशी ताडून गोळ्यांचं प्रमाण लिहायचं. दोन महिन्यांत तिच्याकडे एक आलेख तयार झाला: खाली मिनिटं, बाजूला नोड्युलॅरिटी, म्हणजे हेच गोळ्यांचं प्रमाण. एका ठरावीक मिनिटानंतर रेघ एकदम घसरत होती आणि ग्राहकाच्या ८५ टक्क्यांच्या अटीखाली जात होती. मालकांनी तो आलेख लॅबच्या भिंतीवर लावला. बाहेर दाखवायला परवानगी मागितली तेव्हा ग्राहकाचं आणि पार्टचं नाव काढून टाकायच्या अटीवर ती लेखी दिली. ही परवानगी न घेता कारखान्याची आकडेवारी मुलाखतीत मिरवणारी मुलं मी पाहिली आहेत. समितीलाही ते आवडत नाही.

नेटच्या निकालातली एक ओळ

संध्याकाळी सहानंतर अभ्यास. पुण्याचा क्लास लावायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, पैशामुळे तो विषय मिटला. तिने पेपरच्या रचनेवर भर दिला. २०० गुण, तीन तास. अ भाग सर्वसाधारण बुद्धिमत्तेचा, ३० गुणांचा. आमची मुलं तो हलक्यात घेतात आणि तिथंच गमावतात. ब भागात २५ पैकी २० प्रश्न साडेतीन गुणांचे, क भागात ३० पैकी २० प्रश्न पाच गुणांचे, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग वजा. क भागात सगळे सोडवायचा हव्यास सोडून तिने गणिती पद्धती, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉलिड स्टेट एवढंच पक्कं केलं.

निकाल आला: जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, नाही, सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र. ती रडवेली झाली. लेक्चररशिप म्हणजे संशोधनाचं दार बंद, असा समज आमच्याकडे इतका घट्ट आहे की मुलं तो निकाल फाइलला लावून टाकतात. प्रत्यक्षात केंद्राच्या आदेशातल्या पात्रतेत ‘नेट, लेक्चररशिपसह, किंवा गेट’ असे शब्द आहेत. स्वतःची फेलोशिप तिला मिळणार नव्हती. पण एखाद्या केंद्रीय प्रकल्पात ज्युनिअर रिसर्च फेलोची जागा असेल तर त्यासाठी ती पूर्ण पात्र झाली होती. ही फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,०००.

इथं सीमाभागाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात पीएच.डी. करायची तर सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप तिथल्या मुलांना मिळतात. हिच्याकडे अधिवासाचा दाखला कर्नाटकाचा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना जन आरोग्य योजना लागू केली, पण फेलोशिपच्या अर्जाला दाखला लागतो तो लागतोच. कर्नाटक सरकारची पीएच.डी. फेलोशिप घ्यायची तर संशोधन कर्नाटकात करावं लागतं. सहायक प्राध्यापकपदाची राज्य पातळीवरची सेट परीक्षाही तशीच: एमएच-सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, के-सेट कर्नाटकापुरती. बेळगावची मुलं दोन्ही देतात, दोन्हीचं शुल्क भरतात. नेट, गेट आणि केंद्राच्या निधीवरचे प्रकल्प यांना मात्र राज्याच्या सीमेच्या अलीकडचं-पलीकडचं काही नसतं. म्हणून माझ्या मते आमच्या मुलांनी वेळ आणि पैसा आधी तिथंच घालावा. एक बारकावा दाखल्यांचा: राज्याच्या मागासवर्गीय यादीतला गट केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. केंद्राच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) अर्ज करतानाच तसं सांगावं, नाही तर शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

तिसरी मुलाखत

आता तिने जाहिरातींची वाट बघणं सोडलं. निधी देणाऱ्या संस्था नव्याने मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या याद्या प्रसिद्ध करतात. २०२४ पासून सर्ब या निधी देणाऱ्या केंद्रीय मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे एएनआरएफने घेतली आहे. नुकत्याच मंजूर झालेल्या प्रकल्पात माणूस अजून घ्यायचा असतो आणि मुदत जवळजवळ पूर्ण शिल्लक असते. फेराइट, पातळ थर, चुंबकीय ऑक्साइड अशा विषयांचे प्रकल्प निवडून तिने प्राध्यापकांना एकेक पानाचं पत्र पाठवलं. सगळ्यांना एकच मजकूर नव्हता. प्रत्येकात त्या प्राध्यापकांचा एखादा पेपर वाचून सुचलेला एक प्रश्न आणि धारवाडचं नवं मोजमाप. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. महाराष्ट्राच्या बाजूच्या एका विद्यापीठातून ‘जाहिरात निघाली आहे, अर्ज करा’ असं आलं.

मुलाखत पाऊण तास चालली. इंग्रजीत बोलताना अडखळली तेव्हा समितीतल्या एकांनी मराठीत सांगायला सांगितलं. यंत्रामुळे येणाऱ्या रुंदीचा प्रश्न याही वेळी आला, त्याचं उत्तर होतं. पण बराच वेळ गेला तो फौंड्रीच्या आलेखावर. नोड्युलॅरिटी मोजताना एका तुकड्यावर किती जागा पाहिल्या, दोन वेगळ्या दिवसांची मोजमापं जुळली का, मामांच्या घड्याळात किती सेकंदांची चूक धरली. शेवटच्या प्रश्नावर ती हसली आणि म्हणाली, मामा लॅडल सोडून घड्याळ बघत नव्हते, म्हणून दहा-पंधरा सेकंद धरलेत. निवड झाली.

ज्युनिअर रिसर्च फेलो, तीन वर्षांचा प्रकल्प, त्यातले पस्तीस महिने शिल्लक, नेटमुळे प्रवेश परीक्षेतून सूट आणि सहा महिन्यांत पीएच.डी.ची नोंदणी. शहर वाय वर्गाचं, घरभाडं २० टक्के, म्हणजे कागदावर ४४,४०० रुपये. कागदावर अशासाठी की अनुदानाचा वार्षिक हप्ता लांबला तसं पहिल्या वर्षी तिचं मानधन चार महिने थांबलं. फौंड्रीतले साठवलेले पैसे तेव्हा उपयोगी आले. केंद्रीय प्रकल्पांत हे नेहमीचं आहे. रुजू होताना चार महिन्यांचा खर्च बाजूला असावा, हे आता मी प्रत्येकाला सांगतो.

सध्या ती दुसऱ्या वर्षात आहे. स्प्रे पायरोलिसिसने (तापवलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून) फेराइटचे थर बनवते, एक्स-रे डिफ्रॅक्शन स्वतः चालवते आणि नव्या मुलांच्या पहिल्या स्कॅनच्या वेळी शेजारी बसते. तिच्या प्रयोगशाळेतले दोन सीनिअर पोस्ट-डॉकसाठी दक्षिण कोरियाला गेलेत. कोल्हापूरकडच्या पातळ थरांवर काम करणाऱ्यांची ती जुनी वाट आहे. अडचण एकच, प्रकल्प तीन वर्षांत संपेल आणि पीएच.डी.ला त्याहून जास्त लागणार. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात मुदत सहा वर्षांपर्यंत आहे, पण पैसे तितके पुरत नाहीत. दोन वर्षांचा अनुभव आणि छापलेला एक पेपर झाला की सीएसआयआरच्या थेट सीनिअर फेलोशिपला अर्ज करायचा, असं ठरलंय. पेपर परीक्षकांकडून दुरुस्तीसाठी परत आलाय. त्यांनी आणखी एक तापमान मोजायला सांगितलंय आणि भट्टीचा थर्मोकपल (तापमापक) गेल्या आठवड्यात गेलाय.